कपाटातले लॅपटॉप आणि हलकं लिनक्स

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात २६ जानेवारी २०२६ रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगायला उभं केलंय. पण माझ्या आधी बोललेल्या दोघांनी प्लॉट पाडण्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं इतकं तपशिलात सांगितलं, की माझ्या खात्यावर शिल्लक शून्य राहिली. म्हणून मी माझी वीस मिनिटं दुसऱ्या कामाला लावणार आहे. आपल्या घराघरांतल्या कपाटात पडलेल्या लॅपटॉपबद्दल बोलणार आहे.

हसू नका. गेल्या दिवाळीत मी फराळाच्या निमित्ताने घरोघर हिंडलो आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला, "जुना लॅपटॉप आहे का?" अकरा निघाले. कुणाचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि जुना इथे ठेवून गेला. कुणी लॉकडाऊनमध्ये मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतला होता. बहुतेकांचं उत्तर एकच, "आहे हो, पण फार स्लो झालाय." त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. एक वर्षाची वाढीव मुदत घ्यायची सोय आहे, पण पुढे काय? विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी, टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि त्यांच्या यादीतला नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आपल्या अकरातले नऊ त्या यादीत बसत नव्हते. म्हणजे चालणारी यंत्रं, पण भंगारात जायच्या वाटेवर.

आता तुम्ही म्हणाल, निवृत्त बँकवाल्याने यात का पडावं? सांगतो.

मी बँकेत लागलो तेव्हा लेजर हाताने लिहायचो. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे हळूहळू बँकांत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. आमच्या शाखेत आलं तेव्हा मी चाळिशीकडे झुकलो होतो. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि आत युनिक्स. महिनाभर मी त्या यंत्राच्या खोलीत जायचंच टाळलं. एक तरुण कारकून होता, त्याने मला रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं शेजारी बसवून शिकवलं. मॅन्युअल जाडजूड होतं, ते मी उघडलंही नाही. शिकलो ते त्या पोराकडून. लिनक्स हे त्याच युनिक्सच्या घडणीवर, पण स्वतंत्रपणे लिहिलेलं. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं आणि सगळ्यांना खुलं केलं. त्यामुळे सत्तरीनंतर पुन्हा त्या काळ्या पडद्याचं नाव ऐकलं तेव्हा मला परकं वाटलं नाही. आणि आज तो काळा पडदा बघायची गरजही पडत नाही. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातसुद्धा लिनक्सच आहे.

मग अडचण कुठे येते? नाव घेतलं की माणूस विचारतो, "कुठलं लिनक्स?" कारण ते एक नाही, शेकड्यांनी आहेत. त्यांना डिस्ट्रिब्यूशन म्हणतात, बोलताना डिस्ट्रो. आपण शेतकऱ्यांची पोरं, आपल्याला हे लगेच समजेल. ज्वारी एकच, पण वाण किती! राहुरीच्या आपल्या कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा दिली, भारी जमिनीसाठी फुले वसुधा दिली. मालदांडी तर आजोबांपासूनची. कुठली सर्वांत चांगली, असं विचारलं तर जाणता शेतकरी आधी विचारतो, "रान कसलं आहे?" लिनक्सचं तेच. गाभा एकच, पण कुणी तो मोठ्या सर्व्हरसाठी बांधला, कुणी नव्या लॅपटॉपसाठी, कुणी जुन्या कमजोर यंत्रासाठी. या शेवटच्या प्रकाराला हलकं लिनक्स म्हणतात.

आता माझी पहिली चूक ऐका.

आपल्या सोसायटीचं पाणी सोडणारे मामा तुम्हाला माहीत आहेत. त्यांची मुलगी गेल्या जूनमध्ये अकरावीला गेली. सायन्स. तिला कुणीतरी एक लॅपटॉप दिला, २०१३ च्या सुमाराचा, २ जीबी मेमरीचा, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा. विंडोज सुरू व्हायला सात-आठ मिनिटं. मी उत्साहाने म्हणालो, "दे इकडे, मी करतो." दोन दिवस वाचन केलं, आकडे जमवले. कुठलं लिनक्स किती एमबीमध्ये चालतं याचा तक्ताच केला, आणि त्यातलं सगळ्यात खालच्या आकड्याचं निवडलं. नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. बँकवाल्याला कमी खर्चाचं दिसलं की मोह होतो. यंत्र तीस सेकंदांत उभं राहिलं. मी खूश. मामा खूश. मुलगी म्हणाली, "चांगलं आहे, आजोबा."

दीड महिन्याने मी कामासाठी नेट कॅफेत गेलो, तर ही तिथे बसलेली. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला. मी विचारलं, "अगं, घरी लॅपटॉप आहे ना?" ती खाली बघायला लागली. दुकानदाराला पैसे देऊन बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, "आजोबा, त्यात मी केलेलं राहतच नाही."

मी घरी जाऊन पाहिलं. त्या डिस्ट्रोची पद्धत अशी, की सगळं काम मेमरीत चालतं आणि नीट शटडाऊन केलं तरच डिस्कवर जपून ठेवलं जातं. ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी उत्तम सोय. पण या पोरीच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली. आपल्याकडे लाइट गेली की यंत्र बंद आणि केलेलं सगळं गायब. मराठी टाइप करायची सोय मला सापडली होती, तिला सापडली नव्हती. तीनदा तिची नोंद गेली. चौथ्यांदा ती कॅफेत गेली. आणि तक्रार केली नाही, कारण फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार कशी करायची? त्या दीड महिन्यात तिने कॅफेत घातलेले पैसे मामांच्या पगारातले होते. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मी यंत्राचं वजन केलं होतं, पोरीचं काम विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसलो आणि वहीत लिहून घेतलं. काय काय करतेस? फॉर्म भरणं, सीईटीच्या सराव चाचण्या, व्हिडिओ पाहणं, मराठीत आणि इंग्रजीत टाइप करणं, पीडीएफ वाचणं. म्हणजे पाचातली तीन कामं ब्राउझरमध्ये! इथे मला खरी गोष्ट कळली. लिनक्स कितीही हलकं घ्या, त्यावर ब्राउझर सगळीकडे तोच चालतो, आणि आजच्या वेबसाइट जड आहेत. मी मोजून पाहिलं. लिनक्स नुसतं सुरू असताना पाऊण जीबीच्या आत होतं, आणि व्हिडिओसकट चार-पाच पानं उघडली की एकटा ब्राउझर दीड-दोन जीबी खात होता. म्हणजे डिस्ट्रोमध्ये दोनशे एमबी वाचवून मी काय मिळवलं? उंटावरून शेळ्या हाकल्या.

आपण खर्ड्याची माणसं. १७९५ ची लढाई आपल्या रानात झाली. लवाजमा आणि जनानखाना बरोबर घेऊन आलेला निजाम शेवटी इथल्याच किल्ल्यात कोंडला गेला, हे शाळेत असताना गुरुजींनी सांगितलंय. ओझं कुठलं आहे ते आधी ओळखावं लागतं. लॅपटॉपमध्ये दोन ओझी असतात, अपुरी मेमरी आणि फिरती हार्ड डिस्क. जामखेडच्या दुकानातून मी वापरलेली ४ जीबीची मेमरी आणि २५६ जीबीची एसएसडी आणली. दोन्ही मिळून तेव्हा अडीच हजारांच्या आत पडली. स्क्रू काढून बसवायला अर्धा तास. तोच लॅपटॉप ओळखू येईना. म्हणून पहिला सल्ला हा, की डिस्ट्रो निवडण्याआधी एसएसडीचा विचार करा. दहा वेगवेगळी लिनक्स बदलून जो फरक पडत नाही तो एका एसएसडीने पडतो. मात्र मेमरी वाढवता येते का, हे आधी दुकानदाराला खोलून पाहायला सांगा. काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच जोडलेली असते.

आता निवडीचा हिशेब. नवशिक्यासाठी मी चार नावं सांगतो, जास्त नाही. जास्त सांगितली की माणूस बाजारातून रिकाम्या हाताने परत येतो.

लिनक्स मिंट. हे २००६ पासून आहे. याचे तीन प्रकार मिळतात, त्यातला एक्सएफसीई नावाचा घ्या, तो सर्वांत हलका. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, घड्याळ उजवीकडे, विंडोज वापरलेल्या माणसाचा हात बरोबर जातो. किमान २ जीबी मेमरी म्हणतात, पण ४ जीबी असेल तर सुखाने चालतं.

झुबुंटू आणि लुबुंटू. दोन्ही उबुंटूची भावंडं. लुबुंटू मिंटपेक्षाही थोडं हलकं, २ जीबीच्या यंत्रावर मेमरी वाढवता येत नसेल तर हे पाहावं. दोन्ही आता फक्त ६४ बिटच्या प्रोसेसरवर चालतात.

अँटीएक्स. हे फार जुन्या यंत्रासाठी, अर्धा-एक जीबी मेमरी आणि ३२ बिटचा प्रोसेसर असलेल्यांसाठी. डेबियनसारख्या जुन्या नावाजलेल्या डिस्ट्रोनेसुद्धा ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या पीसीवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. म्हणून अशा यंत्राला अँटीएक्ससारखे मोजकेच आधार उरलेत. पण ते नवशिक्याला एकट्याने देऊ नका.

निवडताना बँकेची एक सवय वापरा. मुदत ठेवीच्या पावतीवर आपण मुदत कधी संपते ते बघतो ना? डिस्ट्रोलाही मुदत असते, तोवरच सुरक्षा-दुरुस्त्या येतात. मिंट २२ ची मुदत २०२९ पर्यंत आहे. लुबुंटू आणि झुबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीला तीन वर्षंच, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत. ज्याला दर वेळी मदतीला कुणाला तरी बोलवावं लागणार, त्याच्यासाठी लांबची मुदत चांगली.

आता कुणी विचारेल, आपल्या पुण्याच्या सी-डॅकचं काय? बरोबर आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाचं भारतीय लिनक्स केलं आहे, डेबियनवर आधारलेलं, मराठीसकट भारतीय भाषांची सोय असलेलं. मी ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं. चांगलं आहे. तरी मी मिंट घेतलं. कारण एकच, माझ्या भाच्याला मिंट येत होतं. अडलो की मी त्याला फोन करू शकत होतो.

आणि आज मला तुम्हाला जी एक गोष्ट सांगायची आहे ती हीच. नवशिक्यासाठी सर्वांत चांगलं लिनक्स ते, जे हाकेच्या अंतरावरच्या कुणाला तरी येतं.

याला आपल्याच तालुक्यात दाखला आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. खेड्यात डॉक्टर पोहोचत नव्हता. त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कितीजणींना तेव्हा लिहिता-वाचताही येत नव्हतं. पण रात्री-अपरात्री दार ठोठावता येईल अशी, आपल्याच वस्तीतली, आपल्याच बोलीत सांगणारी बाई होती. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञापेक्षा ती उपयोगी पडली. १९७९ मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगातून लोक जामखेडला शिकायला आले. संगणकाचं त्याहून वेगळं नाही.

आणखी एक दाखला. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, आपलं शेजारचं कर्जत नव्हे, खैराट नावाच्या वस्तीवर एकशिक्षकी शाळेत मुलांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले होते. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतले. त्यात मेमरी होती फक्त २५६ एमबी, आणि आत लिनक्स. इतक्या कमी मेमरीत कसं चालायचं? कारण ते यंत्र आणि त्यावरचं सगळं मुलांची कामं डोळ्यांपुढे ठेवूनच बनवलं होतं. आणि शेजारी गुरुजी होते. केरळात तर सरकारी शाळांत वर्षानुवर्षं मुलं लिनक्सवरच शिकतात, पण त्यांनी आधी शिक्षकांना शिकवलं. आधी माणूस तयार, मग यंत्र.

आता दुसरी चूक. ही सांगताना जड जातं, पण ज्यांची वस्तू गेली त्या वहिनींनीच सांगितलं, "भाऊजी, सांगा सगळ्यांना, म्हणजे दुसऱ्याचं जाणार नाही."

त्यांचे यजमान माझे मित्र, शिक्षक. जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा लॅपटॉप वहिनींना वापरायचा होता, मुलाशी व्हिडिओवर बोलायला. मी विचारलं, "यात काही ठेवायचं आहे का?" त्या म्हणाल्या, "मला काय कळतं, तुम्हीच बघा." मी डी ड्राइव्ह उघडला, रिकामा होता. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पाहायचं राहून गेलं. 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय दाबला. वीस मिनिटांत मिंट तयार. संध्याकाळी वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "यांचं निरोप समारंभाचं भाषण होतं ना त्यात. आवाज ऐकायचा होता."

बँकेत मी दिवसअखेरीची बॅकअप टेप घेतल्याशिवाय शाखेला कुलूप लावलं नाही. आणि इथे? भाच्याला बोलावलं. त्याने फोटोरेक नावाचं फुकट मिळणारं साधन चालवून दोन दिवसांत बरेच फोटो बाहेर काढले. नावं आणि तारखा गेल्या, फोटो आले. भाषण मिळालं नाही. वहिनी एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी एक नियम केला. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन माणसांकडे. एकट्याला तिजोरी उघडत नाही. तसंच, डिस्क पुसण्याचं बटण दाबताना दोघं हजर पाहिजेत. एकाने आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं, दुसऱ्याने ते उघडून, फोटो बघून, आवाज ऐकून खात्री करायची. मालकाने स्वतः पाहिल्याशिवाय पुसायचं नाही. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवत असाल तर जुनी तशीच पिशवीत घालून, नाव लिहून कपाटात ठेवा. याहून सोपी बॅकअप नाही.

आता करायचं कसं, ते थोडक्यात सांगतो. तपशील रविवारी दाखवीन.

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं आधीचं सगळं जातं हे ध्यानात ठेवा. मिंटची फाइल साधारण तीन जीबीची. ती त्यांच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्यायची. सोबत एक लांबलचक अक्षर-अंकांची ओळ दिलेली असते, ती आपल्या फाइलच्या ओळीशी जुळवायची. चेकवरची सही नमुना सहीशी जुळवतो तसं. जुळली नाही तर चेक परत! मग रुफस किंवा बलेना एचर या फुकटच्या साधनाने पेनड्राइव्ह तयार करायचा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा.

आता महत्त्वाचं. लगेच बसवायचं नाही. पेनड्राइव्हवरूनच ते चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा चालतोय का, प्रिंटर ओळखतोय का. हे सगळं ज्याला वापरायचंय त्याने पाहायचं, मी नाही. पेनड्राइव्हवरून थोडं संथ चालतं, त्याने घाबरू नका.

मराठीचं विचाराल तर सोय चांगली आहे. इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ पासून आपल्या सरकारने प्रमाण केलेला, तो लिनक्समध्ये मिळतो. ज्याने टायपिंगच्या परीक्षेसाठी इन्स्क्रिप्ट शिकलंय त्याला काही नवीन शिकायला नको. युनिकोडमधलं मराठी जसंच्या तसं दिसतं. आणि शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिब्रेऑफिस शिकवणारे व्हिडिओ मराठी आवाजातही आहेत. एकेक दहा-पंधरा मिनिटांचा. आमच्या हिने त्यावरून हळदीकुंकवाची यादी तक्त्यात करायला शिकलं, मला न विचारता.

पण मी काही लिनक्सचा एजंट नाही, तोटेही सांगतो. आपल्या सोसायटीचे हिशेब टॅलीत आहेत, ते विंडोजचं काम. म्हणून ऑफिसचा संगणक मी बदलू दिला नाही, खजिनदार साक्षीला आहेत. डिजिटल सहीची यूएसबी वापरणाऱ्यांनीही आधी आपल्या सीएंना विचारावं. आपली जुनी इतिवृत्तं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत, ती तो फॉन्ट नसला की चिनी वाटावीत अशी दिसतात. ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागतील, आणि ते कधीतरी करावंच लागणार आहे, लिनक्स असो वा नसो. एका घरचा प्रिंटर काही केल्या चालेना, त्यांना मी विंडोज ठेवा म्हणालो असतो, पण त्यांनीच सांगितलं की प्रिंट आम्ही फोनवरून काढतो.

तर अकरा लॅपटॉपचा ताळेबंद असा. दोन विंडोज ११ ला चालणारे होते, त्यांना हात लावला नाही. एकाचा बोर्ड गेलेला, त्याची मेमरी दुसऱ्याला कामी आली. सातांवर मिंट एक्सएफसीई. आणि एक अगदी जुना छोटा, १ जीबीचा, त्यावर अँटीएक्स. तो आपल्या निवृत्त कंडक्टर अण्णांकडे आहे. त्यांना त्यावर भजनं ऐकायची आणि वाचायचं असतं, बाकी काही नको. त्यांच्यासाठी तेच बरोबर. मिंट तिथे ओझं झालं असतं.

सातही ठिकाणी एकच डिस्ट्रो, एकच आवृत्ती, मेनू एकाच जागी. हे मी मुद्दाम केलं. कुणी म्हणालं, "तुम्ही सगळ्यांना एकच माप लावता." हो, लावतो. कारण आता मी गावाला गेलो तरी कुणाचं अडत नाही. तिसऱ्या गल्लीतल्या वहिनींना पहिल्या गल्लीतला मुलगा सांगू शकतो. आणि खरं सांगू का, आता माझ्याकडे प्रश्न कमीच येतात. सगळे मामांच्या मुलीकडे जातात. परवा मीच गेलो होतो, माझा प्रिंटर अडला म्हणून. तिने मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही करा, मी बघते." मला चाळीस वर्षांपूर्वीचा तो कारकून आठवला.

शेवटी दोन मागण्या. पहिली, व्यवस्थापक समितीकडे. सभागृहातलं एक टेबल आणि एक प्लग पॉइंट दर रविवारी सकाळी दहा ते बारा मिळावा. बाकी काही नको, चहा आम्ही घरून आणू. दुसरी, तुम्हा सगळ्यांकडे. आज घरी गेल्यावर कपाट उघडा. लॅपटॉप असेल तर काढा, पुसा, चार्जर शोधा. आणि रविवारी येण्याआधी त्यात कुणाचे फोटो, कुणाचा आवाज, कुणाचा हिशेब आहे, ते घरच्या सगळ्यांना विचारून या. तेवढं विचारलं, की पुढचं सगळं सोपं आहे.